सापाच्या अंड्याला काय हवे असते?

मे महिना आला की पनवेलच्या आसपास जमीन खणण्याची घाई सुरू होते. पावसाआधी घराचे जोते भरून घ्यायचे असते, खाचरांचे बांध दुरुस्त करायचे असतात, उरलेल्या पेंढ्याची उडवी हलवायची असते. जिथे पूर्वी भातशेती होती तिथे आता इमारतींचे पाये खणले जातात. पनवेल २०१६ साली महानगरपालिका झाले, शेजारी विमानतळ उभा राहिला, आणि गाढी व कासाडी या नद्यांच्या काठची कितीतरी जमीन या काळात उलटीपालटी झाली. या खणाखणीत कधी कधी मातीतून पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली अंडी निघतात. पाहणाऱ्यांपैकी एखादा म्हणतो, "सापाची आहेत, ठेचून टाका." दुसरा म्हणतो, "नको, नागीण डूख धरील." आणि एखादा चौकस मुलगा त्यांतली दोन अंडी खिशात घालून शाळेत आणतो व विचारतो, "सर, यातून पिल्लू निघेल का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी सापाच्या अंड्याला काय हवे असते, ते आपल्याला माहीत असायला हवे. ते समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे, अंड्यावर आलेल्या सापाच्या मादीसाठी पेटी कशी तयार करतात ते पाहणे. सर्पोद्यानांत आणि परदेशातील हौशी सर्पपालकांकडे अशा पेट्या नेहमी तयार केल्या जातात. आपल्याकडे पकडून आणलेली एखादी धामण सोडण्याआधीच, रात्रीत पिशवीत अंडी घालून मोकळी होते, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. पेटीतील प्रत्येक वस्तू मादीला निसर्गात मिळणाऱ्या एखाद्या गोष्टीची जागा भरून काढत असते. ती का ठेवली, हे विचारत गेलो की अंड्याचे सगळे विज्ञान उलगडत जाते.

आधी कायदा

पेटीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्या देशातील साप घरी किंवा शाळेत पाळता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे एक कलम या कायद्यात आहे. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिली आहे, आणि पक्ष्यांच्या व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे, एवढेच नव्हे तर त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे, हेही त्या व्याख्येत येते. म्हणजे खिशात अंडी घालून आणणाऱ्या मुलाने, त्याला कल्पनाही नसताना, कायद्याच्या भाषेत शिकार केलेली असते!

विदेशी सापांची गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेतील कॉर्न स्नेक किंवा आफ्रिकेतील बॉल पायथन हे साप जगभर पाळले जातात, आपल्याकडेही काही लोक ते पाळतात. मात्र ज्या विदेशी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांत आहेत त्यांची नोंदणी २०२२ ची कायदा-दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार करावी लागते, आणि त्यांना पिल्ले झाली तर तीही कळवावी लागतात. बॉल पायथन हा अशांपैकी एक.

तेव्हा पुढे दिलेली माहिती वाचून कोणी शाळेत सापाची पेटी मांडावी, असा आमचा हेतू नाही. वर्गात करता येण्याजोगे प्रयोग लेखाच्या शेवटी दिले आहेत, त्यांना सापाचे अंडे लागत नाही.

कोणते साप अंडी घालतात?

सगळे साप अंडी घालत नाहीत. नाग, मण्यार, धामण, दिवड, तस्कर, कवड्या, गवत्या आणि अजगर हे अंडी घालणारे. घोणस, फुरसे, चापडा, हरणटोळ, मांडूळ यांच्या माद्या पिल्लांनाच जन्म देतात. त्यांची अंडी आईच्या पोटातच वाढतात. म्हणून 'घोणशीची अंडी सापडली' असे कोणी सांगितले तर ती दुसऱ्या कुणाची तरी असणार, हे नक्की.

अंड्यांची संख्याही जातीनुसार बदलते. नाग साधारणपणे बारा ते तीस अंडी घालतो. दिवडीची संख्या कधी कधी पन्नासाच्या वर जाते. नागाचे आणि धामणीचे अंडे मात्र दिसायला जवळजवळ सारखेच, पांढरे, लांबट, साधारण पाच सेंटीमीटर लांबीचे. नुसत्या अंड्यावरून ते विषारी सापाचे की बिनविषारी, हे सांगता येत नाही. नागाचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेच विषग्रंथी आणि विषदंत घेऊन. अंडी घरी नेऊ नयेत याचे कायद्याइतकेच हेही मोठे कारण आहे.

मादी तयारीला लागते

अंड्यावर आलेली मादी ओळखता येते. तिच्या शरीराचा मागचा भाग फुगतो, काही वेळा अंड्यांचे उंचवटेही जाणवतात. ती खाणे कमी करते किंवा बंद करते, कारण पोटात जागाच उरलेली नसते. ती अधिक वेळ उबेला पडून राहते. पुष्कळ जातींत अंडी घालण्याच्या एक-दोन आठवडे आधी मादी कात टाकते. सर्पपालक या कातेची वाट पाहत असतात. कात पडली की पेटी तयार हवी.

यानंतर मादी अस्वस्थ होते. पिंजऱ्यात फेऱ्या घालते, कोपरे धुंडाळते, डोके खुपसून पाहते. निसर्गात असती तर याच काळात ती वारुळे, उंदरांची बिळे, दगडांच्या फटी, पालापाचोळ्याचे ढीग, शेणखताचे उकिरडे तपासत फिरली असती. कर्नाळ्याच्या जंगलात तिला झाडाची पोकळ मुळे सापडली असती, खाचरात बांधातले बीळ सापडले असते. काय शोधत असते ती? तीन गोष्टी: ओल, ऊब आणि जिथे कोणी त्रास देणार नाही असा अंधार.

बहुतेक सापांच्या बाबतीत आई पिल्लांसाठी जे काही करते ते एवढेच. अंडी घातली की ती निघून जाते. नागाची मादी काही काळ अंड्यांजवळ राहते असे आढळले आहे, अजगराचे तर प्रकरणच निराळे, त्याविषयी पुढे पाहू. पण धामण किंवा कवड्या यांच्या पिल्लांचे भवितव्य त्या एका जागेच्या निवडीवर अवलंबून असते. पेटी तयार करणारा माणूस खरे तर मादीची ही निवड स्वतःच्या अंगावर घेत असतो.

पेटी

पेटी साधीच असते. झाकणाचा एक अपारदर्शक प्लास्टिकचा डबा घेतात. मादी त्यात वेटोळे करून आरामात मावली पाहिजे, पण फार ऐसपैसही नको. सापांना अंग चहूबाजूंनी टेकलेले असले की सुरक्षित वाटते. डब्याच्या बाजूला, जरा उंचावर, एक भोक पाडतात. ते मादीच्या शरीराच्या सर्वांत जाड भागापेक्षा किंचित मोठे असावे लागते. इथे एक चूक सहज होते. भोक नेहमीच्या जाडीच्या मापाने पाडले जाते आणि अंड्यांनी फुगलेली मादी त्यात अडकते. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत करतात, नाहीतर तिची कातडी खरचटते.

डब्यात अर्ध्यापर्यंत ओलसर भरण घालतात. शेवाळ, नारळाच्या काथ्याचा भुसा, किंवा व्हर्मिक्युलाइट, म्हणजे अभ्रकासारखे एक खनिज तापवून फुगवलेले दाणे. कोकणात काथ्याचा भुसा सहज मिळतो आणि तो पाणी उत्तम धरून ठेवतो. त्याला किती ओलावा हवा? यासाठी मुठीची परीक्षा आहे. भुसा मुठीत घट्ट दाबावा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. गोळा झालाच नाही तर भुसा कोरडा, पाणी ठिबकले तर तो फार ओला.

हा डबा मादीच्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवतात. पिंजऱ्यात दुसरा साप ठेवत नाहीत. पाण्याचे मोठे भांडे काढून लहान, उथळ भांडे ठेवतात. असे का बरे? कारण योग्य ओलसर जागा मिळाली नाही तर मादी कधी कधी पाण्याच्या भांड्यातच अंडी घालते, आणि पाण्यात बुडालेल्या अंड्यातील गर्भ गुदमरून मरतो. म्हणजे ओल शोधण्याची तिची प्रेरणा किती जबर असते पाहा. आपण ओलसर भुसा दिला नाही, तर ती मिळेल तिथली ओल पत्करते. काहीच मिळाले नाही तर अंडी रोखून धरते, आणि मग ती पोटात अडकून तिच्या जिवावर बेततात.

शेवटची वस्तू तापमापी. डब्यातील तापमान २६ ते ३० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहावे असे पाहतात. एवढे झाले की पिंजऱ्यावर कापड टाकून मादीला एकटी सोडायचे. सारखे झाकण उघडून पाहणे हा सर्वांत मोठा उपद्रव. अंडी घालायला तिला काही तास लागतात, आणि त्या काळात तिला कोणाचीही मदत नको असते.

कोंबडीचे अंडे आणि सापाचे अंडे

आता अंडी पडली. त्यांना हात लावण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या कोंबडीच्या अंड्याशी त्यांची तुलना करू.

कोंबडीच्या अंड्याचे कवच चुन्याचे, टणक असते. आतला पांढरा बलक म्हणजे पाण्याचा मोठा साठाच. कोंबडीचा गर्भ घरून शिदोरी आणि पाण्याचा हंडा दोन्ही घेऊन निघतो. सापाच्या अंड्याचे कवच चिवट, चामड्यासारखे असते, बोटाने दाबले तर दबते. त्यात चुना थोडाच असतो. आत पिवळा बलक भरपूर, पण पांढरा बलक अगदी कमी. म्हणजे शिदोरी आहे, हंडा नाही. मग पाणी कुठून येणार? भोवतालच्या ओलसर मातीतून. कवचातून पाणी आत शोषले जाते आणि अंडी घातल्यानंतरच्या काळात त्यांचे वजन वाढते. ओल अपुरी पडली तर हेच पाणी उलट बाहेर जाते, अंड्याला खळगे पडतात आणि गर्भ सुकतो. सापाची मादी ओल का शोधत होती, याचे उत्तर आपल्याला इथे मिळते.

पण कवचातून केवळ पाणीच जात-येत नाही, प्राणवायूही जातो. कवचावर पाण्याचा थर साचला तर त्याची वाट बंद होते. म्हणून मुठीच्या परीक्षेत पाणी ठिबकता कामा नये. ओल हवी, पण दाण्यादाण्यांमध्ये हवाही खेळायला हवी. शेतकरी ज्याला 'वाफसा' म्हणतो, नेमकी ती स्थिती. बियाणे रुजायला जे लागते तेच सापाच्या अंड्यालाही लागते.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. खुडूक बसलेली कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा फिरवते. कोंबडीचे कच्चे अंडे फोडले की बलकाच्या दोन टोकांना पांढऱ्या पिळदार दोऱ्या दिसतात. या दोऱ्यांमुळे अंडे कसेही फिरवले तरी बलक मध्यभागी तोललेला राहतो आणि गर्भ वरच्या अंगाला येतो. सापाच्या अंड्यात अशा दोऱ्या नसतात. अंडी पडल्यानंतर साधारण दिवसभरात गर्भ वरच्या बाजूला स्थिरावतो आणि त्याचे पापुद्रे कवचाच्या आतल्या अंगाला जोडले जाऊ लागतात. यानंतर अंडे उलटे केले तर हे नाजूक पापुद्रे फाटू शकतात, किंवा बलकाच्या भाराखाली गर्भ दबून मरतो. म्हणून सर्पपालक प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने फुली मारतात आणि ते हलवावे लागलेच तर फुली वरच ठेवतात. अंडी एकमेकांना चिकटली असतील तर ती सुटी करीत नाहीत, आख्खा घोस उचलतात.

खिशातून शाळेत आलेल्या त्या दोन अंड्यांचे काय झाले असेल, हे आता सांगायला नको. घोसातून ती तोडली गेली, वाटेत दहा वेळा उलटीसुलटी झाली आणि उन्हात सुकली. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा "नाही" असेच द्यावे लागेल. त्याने अंडी फोडली नाहीत, उलट जपून आणली, तरीही!

हाच नियम समुद्रकासवांच्या अंड्यांना लागू पडतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या मदतीने कासव-संरक्षणाचे काम सुरू केले. किनाऱ्यावरील घरट्यांतून अंडी काढून कुंपणाच्या आतील सुरक्षित वाळूत पुरायची असतात. तेव्हा तीही लवकरात लवकर आणि न उलटता हलवावी लागतात, आणि नवा खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल घ्यावा लागतो. एक फरक मात्र आहे. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते, अधिक उबेत माद्या होतात. सापांमध्ये हे आपल्यासारखेच गुणसूत्रांवर ठरते, तापमानाचा त्याच्याशी संबंध नाही.

उबवण

अंडी मग हवेसाठी बारीक भोके पाडलेल्या दुसऱ्या डब्यात, तशाच ओलसर भरणात अर्धी रुतवून ठेवतात. २७ ते ३० अंश तापमानात आपल्याकडील बऱ्याच सापांची अंडी साधारण दोन महिन्यांत उबतात. तापमान कमी असले तर दिवस वाढतात. ते फार वाढले तर पिल्लांच्या पाठीच्या कण्यात व्यंग येते किंवा गर्भ मरतो. पुस्तकांत उबवणपेटीला दिवा किंवा तापक जोडायला सांगतात. ती पुस्तके थंड देशांत लिहिलेली असतात. पनवेलला पावसाळ्याच्या तोंडाशी खोलीचे तापमानच बहुधा या मर्यादेत असते. इथे धोका उलट दिशेने असतो. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला डबा दुपारी भट्टी होतो.

आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदलतात, भरण कोरडे वाटले तर कडेने थोडे पाणी शिंपडतात, थेट अंड्यावर नाही. जिवंत अंडे पांढरे आणि टवटवीत राहते. अंधारात त्यामागे विजेरी धरली की आत तांबड्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. मेलेले अंडे पिवळे पडते, त्यावर बुरशी चढते. पण शंका असेल तर अंडे फेकत नाहीत. बुरशी आलेल्या अंड्याशेजारचे अंडेही पुष्कळदा उत्तम उबते.

शेवटी पिल्लाच्या वरच्या ओठाच्या टोकाशी असलेला अंडदंत कामाला येतो. या एवढ्याशा दाताने पिल्लू कवचाला आतून चीर पाडते. चिरेतून डोके बाहेर काढून ते तसेच एक-दोन दिवस बसून राहते. पाहणाऱ्याला वाटते, अडकले बिचारे, ओढून काढावे. ते मुळीच करू नये. त्या वेळी उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जात असतो, आणि पहिले भक्ष्य मिळेपर्यंत त्याला त्याच शिदोरीवर राहायचे असते. बाहेर पडल्यावर साधारण आठ-दहा दिवसांत पिल्लू पहिली कात टाकते.

आता उन्हाळ्यात अंडी आणि पावसाच्या सुरुवातीला पिल्ले, हा मेळ का, तेही लक्षात येईल. जून-जुलैत जमीन ओली असते, शेतात बेडकांची पिल्ले उड्या मारत असतात, लपायला गवत असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला एखाद्या घराच्या आसपास सापाची पाच-सहा पिल्ले एकदम दिसू लागतात, त्याचेही कारण हेच. जवळच कुठेतरी मार्च-एप्रिलमध्ये एका मादीने जागा निवडलेली असते.

अजगराची मादी

आपल्या सापांमध्ये अजगराची मादी मात्र खऱ्या अर्थाने अंडी उबवते. ती अंड्यांचा ढीग रचून त्याभोवती वेटोळे घालते आणि आठवडेच्या आठवडे तिथून क्वचितच हलते. लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने आपल्या देशात हे पाहून १८३२ साली पॅरिसमध्ये सांगितले की, ही मादी अंड्यांना स्वतःची ऊब देते. विद्वानांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. साप थंड रक्ताचा, तो ऊब कुठून देणार? पण १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात व्हॅलेन्सिएन यांनी उबवणाऱ्या अजगर मादीच्या वेटोळ्यांत तापमापी ठेवून पाहिली, आणि ती ऊब खरी निघाली. पुढे १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये हचिसन, डाउलिंग व विनेगर यांनी ही ऊब येते कशी तेही दाखवून दिले. मादी स्नायूंना ठरावीक वेळाने आचके देते. आपण थंडीने कुडकुडतो, तसाच हा प्रकार. हवा थंड होत गेली की आचके वाढत जातात, आणि तिचे शरीर भोवतालच्या हवेपेक्षा चार अंशांहून अधिक गरम राहू शकते. हे दोन्ही प्रयोग ब्रह्मी अजगरावर झाले. आपला भारतीय अजगर त्याचा सख्खा नातेवाईक.

इतर साप ही मेहनत करीत नाहीत. ती ते जमिनीवर सोपवतात. म्हणूनच त्यांची जमीन उकरली गेली की त्यांची अंडी पोरकी होतात.

अंडी सापडली तर

अंडी उघडी पडली तर शिक्षकांनी मुलांना आणि गावकऱ्यांना पुढील गोष्टी सांगाव्यात.

१. काम थांबवा. अंड्यांना हात लावू नका. मादी जवळ असू शकते, आणि ती नागाची असू शकते.

२. जागा मोकळी ठेवणे शक्य असेल तर लांब दांड्याच्या फावड्याने तीच ओलसर माती अलगद परत लोटून अंडी झाका, वर झाडाची फांदी किंवा पोते टाकून सावली करा आणि तेथून दूर व्हा. सापाच्या अंड्यांसाठी सर्वांत चांगली पेटी म्हणजे मादीने निवडलेली तीच जागा.

३. पाया खणणे अटळ असेल तर वनविभागाच्या कार्यालयास किंवा १९२६ या त्यांच्या मदत क्रमांकावर कळवा. अंडी हलवण्याचे काम त्यांच्या परवानगीने, जाणत्या माणसानेच करावे. पिल्ले निघाली की ती लगेच योग्य जागी सोडली जातात.

४. 'डूख धरील' ही भीती मुलांच्या मनातून काढा. ठेचलेल्या अंड्यांचा बदला घेण्याइतकी स्मृती सापाला नसते. अंडी न ठेचण्याचे कारण वेगळे आहे. धामण आणि तस्कर आपल्या शेतातले उंदीर खातात.

५. साप चावलाच तर मांत्रिक, चिरा देणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता, चावलेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला सरकारी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस तिथे देतात. पिल्लाच्या दंशालाही मोठ्या सापाच्या दंशाइतकेच गंभीर समजा.

वर्गात करून पाहू

पहिला प्रयोग. कोंबडीची चार कच्ची अंडी व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदला. चुन्याचे कवच विरघळताना कर्बवायूचे बुडबुडे येतील. उरेल ते मऊ, पापुद्र्याचे अंडे, हाताला सापाच्या अंड्याशी मिळतेजुळते. चारही अंडी धुऊन, हलकेच पुसून वजन करा. एक अंडे साध्या पाण्यात ठेवा, दुसरे गुळाच्या दाट पाकात, तिसरे मुठीच्या परीक्षेत उतरलेल्या ओलसर भुशात, चौथे कोरड्या भुशात. दुसऱ्या दिवशी पुन्हा वजने घ्या. पाण्यातले फुगेल, पाकातले सुरकुतेल. भुशातल्या दोघांत काय फरक पडला? मुलांना आधी अंदाज बांधायला सांगा, मग वजने फळ्यावर लिहा. परासरण हा पाठ्यपुस्तकातला शब्द इथे मुलांच्या तळहातावर येतो. प्रयोगानंतर अंडी टाकून द्यावीत, खाऊ नयेत.

दुसरा प्रयोग. शाळेच्या आवारात तापमापी चार ठिकाणी ठेवा: उघड्या मातीवर, वीतभर खोल मातीत, पालापाचोळ्याच्या ढिगात आणि पत्र्याच्या छपराखाली. सकाळी आठ, दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच वाजता नोंदी घ्या. मापी काठीला बांधून आत सरकवावी, बिळात किंवा ढिगात हात घालू नये. तीन-चार दिवसांच्या नोंदींचा आलेख काढा. कुठली रेषा सर्वांत सपाट आली? अंड्यावर आलेल्या मादीने या चारांपैकी कोणती जागा निवडली असती, आणि का?

तिसरे काम कागदाचे. तुमच्या गावाचा नकाशा काढून मुलांना दहा वर्षांपूर्वीचे बांध, वारुळे, उकिरडे आणि उडव्या कुठे होत्या ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून मांडायला सांगा. त्यांतल्या आज किती उरल्या आहेत, त्या दुसऱ्या रंगाने दाखवा. पनवेलसारख्या गावात हा नकाशा काढला की दोन रंगांतला फरक ठळक दिसेल. दरवर्षी उन्हाळ्यात ओल, ऊब आणि अंधार शोधत निघणाऱ्या मादीला त्यांतल्या किती जागा अजून मिळू शकतात, हे मुलांना मोजू द्या.